पार्सलआण्णा

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की जांबोटीत संध्याकाळच्या वेळी माणसं काखेत काहीतरी झाकून एकाच दिशेनं चालताना दिसतात. कुणी पदराखाली, कुणी टॉवेलात, कुणी ‘तरुण भारत’च्या शिळ्या अंकात गुंडाळून. वाटेत कुणी विचारलं, “कुठं चाललासा?” तर “हितंच” म्हणून सटकतात. ती पार्सलआण्णांकडे चालली आहेत हे विचारणाऱ्याला माहीत असतं, कारण कालच तोही जाऊन आलेला असतो.

आण्णांना स्वतःचं नाव आहे. रेशनकार्डावर आणि मतदारयादीत ते छापलेलं आहे. पण गावात त्या नावानं त्यांना ओळखणारं कुणी उरलेलं नाही. पोस्टात त्यांनी पॅकर म्हणून उभी हयात काढली आणि निवृत्तीनंतर हेच काम घरी बसून, बिनपगारी, दुप्पट जोमानं सुरू केलं. पोस्टात निदान साडेपाचला सुट्टी व्हायची, अशी त्यांच्या बायकोची, म्हणजे वैनींची, तक्रार आहे.

हा माणूस तुमच्याही गावात असणार. कुठं तो ड्रॉइंगचा मास्तर असतो, कुठं वाड्यातली आत्या असते, तर कुठं स्टेशनरीच्या दुकानातला अबोल पोरगा असतो. वस्तू काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. वस्तूवरचा कागद हा त्याचा प्रांत. लग्नाला गेला की तो वधूवरांकडे बघण्याआधी आहेराच्या ढिगाकडे बघतो आणि मनातल्या मनात निम्म्या लोकांना नापास करतो.

आण्णांचं शिक्षण सगळं जुन्या पद्धतीचं. त्या काळी पोस्टाचं पार्सल म्हणजे मांजरपाटाच्या कापडात शिवलेलं, सुतळीनं आवळलेलं आणि टाक्यांवर लाखेची सीलं मारलेलं. विम्याचं पार्सल असेल तर दोन सीलांमधल्या जागेत दाभण घालूनसुद्धा आतलं काही निघता कामा नये. त्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला चकचकीत कागदाचं काम आधी पोरखेळच वाटलं होतं. पण कागदाची घडी एकदा नखाखालून नीट गेली की जो सरळ काठ उमटतो, त्याच्या ते नादी लागले आणि पुन्हा सुटले नाहीत.

त्यांच्या बैठकीची मांडणी ठरलेली. खाली चटई, चटईवर पुसून घेतलेला पाट. उजव्या हाताला लाकडी पट्टी आणि घडी दाबायला तांब्याचं फुलपात्र. डाव्या हाताला स्टीलचं ताट, ज्याच्या कडेला टेपचे दोन-दोन इंची तुकडे आधीच तोडून चिकटवलेले. टेप दातानं तोडणाऱ्या माणसाला आण्णा चहा विचारत नाहीत. आणि सगळ्यांत महत्त्वाची, पोस्टाच्या दिवसांपासूनची त्यांची कात्री. ती एका जुन्या पत्र्याच्या कंपासपेटीत राहते. तिनं कागदाखेरीज काही कापायचं नाही, असा घरात कायदा आहे. एकदा वैनींनी तिनं दुधाची पिशवी कापली. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण पाहुणे आले की हा विषय अजून निघतो.

कागदांच्या बाबतीत आण्णांचे आवडतेनावडते फार. खाकी कागद म्हणजे सज्जन. जून महिन्यात गावातल्या पोरांच्या वह्यापुस्तकांना ते त्याचीच कव्हरं घालून देतात. मार्बल कागद दिसायला बरा, पण घडीवर फाटतो. जिलेटिन पेपर निर्लज्ज, कारण आतलं सगळं दाखवतो. त्यांचा खरा राग चंदेरी चमक असलेल्या प्लास्टिकच्या कागदावर. गिऱ्हाईकानं तसला कागद आणला की आण्णा त्याचा एक कोपरा मुठीत चुरगाळतात आणि मूठ उघडतात. चुरगाळलेला राहिला तर तो कागद. फुलून पुन्हा सपाट झाला तर ते प्लास्टिक. “ह्यो घडी धरत न्हाई, आणि रद्दीवालाबी ह्याला घेत न्हाई. ह्याला घरात कशाला घ्यायचा?” हा त्यांचा निकाल. रद्दीपासून पुन्हा कागद करणारे लोकही हीच मूठ वापरायला सांगतात, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “मग शिकतील हळूहळू.”

एकदा मी त्यांना या धंद्याची जन्मकथा सांगितली. अमेरिकेत कॅन्सस सिटी नावाच्या गावात १९१७ साली नाताळच्या गर्दीत हॉल बंधूंच्या दुकानातला भेटी गुंडाळायचा साधा पातळ कागद संपला. तेव्हा त्यांनी पाकिटांच्या आतून लावायचा नक्षीदार फ्रेंच कागद गल्ल्याजवळ ठेवला. तो बघता बघता खपला, आणि पुढं त्यातूनच छापील कागदाचा मोठा व्यापार उभा राहिला. पारदर्शक चिकटपट्टी तर त्यानंतर आली. ती १९३० साली रिचर्ड ड्रू यांनी काढली. तोवर दोरा, लाख आणि खळ यांवरच बहुतेक सगळं चाले. आण्णांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, “म्हंजे तेरा वरसं लोक टेप नसताना तो कागद बांधायचे?” मी हो म्हणालो. “ती खरी माणसं,” आण्णा म्हणाले आणि उठून वैनींना खळ शिजवायला सांगून आले. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की कीड लागत नाही, हे त्यांचं जुनं ज्ञान. त्या आठवड्यातली सगळी बांधणी खळीची झाली आणि तिसऱ्या दिवशीही ओलीच होती.

तुळशीच्या लग्नापासून रथसप्तमीपर्यंत आण्णांचा खरा हंगाम. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, म्हणजे आहेर आला. मग शाळांची गॅदरिंग, म्हणजे बक्षिसं. मग नाताळ. खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या कॅम्पात नाताळ जुना आहे आणि आपल्याकडून गोव्याला कामाला गेलेल्या पोरांमुळे तो जांबोटीतही येऊन पोचला आहे. त्यातून निघावं तो संक्रांत. मग रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची वाणं. वाण गुंडाळायची आपल्यात रीत नाही, हे आण्णांनाही मान्य आहे. पण सोजी चाळायची प्लास्टिकची चाळणी एका बाईनं तशीच उघडी दुसरीच्या हातात ठेवलेली त्यांना बघवत नाही.

झाकून देण्याबद्दल त्यांचं एक तत्त्वज्ञान आहे आणि त्याला ते गोव्याचा दाखला देतात. तिकडं नाताळात ख्रिस्ती घरांतून शेजारीपाजारी नेवऱ्या, दोदोल, बेबिंका यांचं ताट जातं, त्याला कोंसुआद म्हणतात. त्या ताटावर भरतकामाचा रुमाल असतो. “उघडं ताट कोण न्हेत न्हाई. काय हाय, किती हाय, हे रस्त्यानं जाणाऱ्याला कशाला?” आण्णांच्या मते गुंडाळायचं कारण एकच. देणाऱ्याची ऐपत बाहेरून दिसता कामा नये. पन्नास रुपयांचा डबा आणि पाचशेचं घड्याळ मांडवात शेजारी शेजारी ठेवलं, तर दोघांच्या काठांत फरक नको. गरीब नातेवाइकाच्या आहेराला ते हळूच जास्त चांगला कागद वापरतात, हे मी पाहिलं आहे. विचारलं तर म्हणाले, “तोच कागद शिल्लक व्हता.”

या धंद्यात माणसाला गावाची गुपितं कळतात. आपल्याकडे आहेर हा एका घरी मुक्कामाला येत नाही. लेमन सेट, भिंतीवरचं घड्याळ आणि काचेच्या फ्रेममधला गणपती ही मंडळी कायम प्रवासात असतात. एकदा एक गृहस्थ नवाकोरा म्हणून लेमन सेट घेऊन आले. आण्णांनी खोक्याची खालची बाजू बघितली. तिथं कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक तीन फुल्या होत्या. आण्णांनी शांतपणे चौथी फुली मारली आणि कागद कापायला घेतला. हा सेट कुठून निघून कुठं कुठं फिरला हे त्यांना ठाऊक होतं, कारण आधीच्या तिन्ही वेळा तो त्यांनीच बांधला होता. गृहस्थ गेल्यावर मी नावं विचारली. आण्णा म्हणाले, “पोस्टात व्हतो मी.” त्यांच्या लेखी हे उत्तर पुरेसं आहे.

त्यांचे शत्रू तीन. पहिला, लग्नपत्रिकेवर “कृपया आहेर आणू नये” असं छापणारा वधूपिता. अशी पत्रिका आली की ते ती उलटी करून ठेवतात. दुसरा, घरबसल्या वस्तू मागवताना मोबाइलवर बोट लावून तिकडूनच गुंडाळून घेणारा. आणि तिसरा, सगळ्यांत वाईट, दोऱ्यांचे कान असलेल्या कागदी पिशवीत वस्तू टाकून वर पातळ कागदाचा बोळा खुपसणारा. “ही पिशवी न्हवं,” आण्णा म्हणतात, “ह्यो कामचुकारपणा.”

आता दीडशे नगांची गोष्ट. गावातला एक पोरगा गोव्यात हॉटेलात कामाला आहे. तिथल्या मालकानं नाताळात कामगारांच्या पोरांना भेटी द्यायचं ठरवलं. पोरगा म्हणाला, आमच्या गावात आण्णा हाईत. झालं. कंपासपेट्या, पाण्याच्या बाटल्या, जेवणाचे डबे, बाहुल्या आणि रबरी चेंडू असा १५० नगांचा माल बेळगावातून पिरनवाडी, किणये ओलांडून टेंपोनं जांबोटीत आण्णांच्या पडवीत येऊन पडला. २४ तारखेला पहाटे गोव्याला भाजी घेऊन जाणारी गाडी येणार, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून माल खाली न्यायचा, असं ठरलं. कुणाला काय द्यायचं याची यादी नव्हती. मालकाचं म्हणणं, हाताला येईल ते पोराचं नशीब.

आण्णांनी प्रथम चेंडू हातात घेतला आणि बाजूला ठेवला. चेंडू म्हणजे या विद्येची सत्त्वपरीक्षा. त्याला काठ नाही, कोपरा नाही, घडी बसायला जागा नाही. मोदकासारख्या चुण्या घेत कागद वर नेऊन बांधावा लागतो आणि तरी तो बांधल्यावर चेंडूच दिसतो. मग झाकलं काय? शिवाय बाटली बाटली दिसते, बाहुलीचे पाय टोचतात. पोरांनी लांबूनच ओळखायचं, आणि ज्याला डबा मिळणार त्यानं आधीच तोंड पाडायचं, हे आण्णांना पटेना. त्यांनी फर्मान काढलं, सगळं एकाच मापाच्या खोक्यात. बेळगावच्या रविवार पेठेतून घडीचे पांढरे खोके आले. लांबी १० इंच, रुंदी ६, उंची ३. आता चेंडूही खोका आणि कंपासही खोका. दीडशे पोरं, दीडशे सारखी खोकी, चुकायला थोडी वर.

कागदाचा हिशेब त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर मांडला. तो लिहून ठेवण्यासारखा आहे. खोक्याच्या भोवती कागद फिरवायचा तर रुंदी आणि उंचीची बेरीज ९, तिची दुप्पट १८, वर इंचभर एकावर एक चढायला, म्हणजे १९. दुसऱ्या अंगानं लांबी १० आणि दोन्ही टोकांना उंचीच्या निम्म्याहून थोडं जास्त, दोन-दोन इंच, म्हणजे १४. बाजारात मिळणारा ताव साधारण २० बाय ३०. तो मधोमध कापला की २० बाय १५ चे दोन तुकडे आणि प्रत्येकात एक खोकं आरामात. १५० नगांना ७५ ताव, चुकायला पाच. पोरगा दीडशे तावांचे पैसे देऊन गेला होता. उरलेले पैसे आण्णांनी पाकिटात घालून, पाकीट गुंडाळून परत केले.

पांगुळ गल्लीतून कागद आला. लाल, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा, मुठीच्या परीक्षेत पास झालेला. पण कागद पसंत करण्यात दोन दिवस गेले होते आणि २३ तारखेच्या दुपारी बैठक बसली तेव्हा एकही नग बांधून झालेला नव्हता. मदतीला स्त्रीशक्ती संघाच्या पाचसहा बाया, शाळेची दोन पोरं आणि मी. आण्णांनी आधी शिकवणी घेतली. एका नगाला टेपचे तुकडे तीनच, पाठीवर एक आणि दोन टोकांना एकेक. आधी घडी, मग टेप. टोकाला आधी आजूबाजूचे कान आत, मग वरचा, शेवटी खालचा, म्हणजे सांधा खाली जातो आणि दिसत नाही. प्रात्यक्षिकाला त्यांनी एक नग बांधला. तो अप्रतिम झाला. त्याला दहा मिनिटं लागली.

मी हिशेब केला. दहा मिनिटाला एक, म्हणजे दीडशेला २५ तास. गाडी यायला तेरा-चौदा तास होते. आण्णा म्हणाले, “घाई केली की सांधा तिरका जातोय.” दरम्यान बायांनी बांधलेले नग ते एकेक करून तपासत होते आणि निम्मे सोडवत होते. संध्याकाळी सात वाजता चटईवर झालेले नग होते एकोणीस आणि सोडवलेल्या कागदांचा ढीग गुडघ्याएवढा. तेवढ्यात वीज गेली.

त्या वेळी घरात एक व्यक्ती होती जिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती म्हणजे आण्णांची विहीण, निपाणीची. लेकीला भेटायला आली होती. आयुष्यभर तिनं विड्या वळल्या. तेंदूचं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा, आणि मजुरी मोजायची ती हजारावर. बॅटरीच्या उजेडात तिनं थोडा वेळ हा सोहळा बघितला आणि विचारलं, “पाव्हणं, किती म्हनलासा?”

“दीडशे.”

“दीडशे म्हंजे काय ओ? आमच्यात दीडशे म्हंजे चहाच्या आदीचं काम. सरा जरा.”

विहिणीपुढं माणूस काय बोलणार? आण्णा सरले. तिनं बायांची ओळ लावली. एकीनं फक्त कागद कापायचा, तोही एकदम चार ताव मिळून. एकीनं खोक्यात वस्तू भरून झाकण लावायचं. दोघींनी कागद फिरवून पाठीवर धरायचा, पोरांनी टोकं मुडपायची, मी टेपचे तुकडे पुरवायचे, आणि शेवटी तिनं नग हातात घेऊन एकदा आपटून ढिगात टाकायचा. कापायला तिनं पिशवीतून स्वतःची कात्री काढली. आण्णांनी आपली कात्री आदबीनं कंपासपेटीत घातली आणि पेटी पाटाशेजारी ठेवली.

साडेदहापर्यंत सगळं आटोपलं. दीड मिनिटाला जवळजवळ एक नग पडत होता. आण्णा मधून मधून एखादा नग उचलून उजेडात धरायचे, काहीतरी बोलायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. शेवटी एकदाच म्हणाले, “ईनबाई, सांधा खालनं यायला पायजे.” विहीण म्हणाली, “पोरगं काय खालनं बघतंय काय?” या प्रश्नावर आण्णांकडे उत्तर नव्हतं आणि मला वाटतं, अजूनही नाही.

मग मोजणी झाली. पोस्टातला माणूस, मोजल्याशिवाय झोपणार नाही. मोजले तर १५१. पुन्हा मोजले, १५१. मालाची पावती दीडशेची. एक नग जास्त कसा? पोरांनी पुन्हा मोजले आणि तेही १५१ वरच आले. विहीण म्हणाली, “कमी तर न्हाई न्हवं? मग झालं.” घरातली एखादी वस्तू बांधली गेली की काय म्हणून वैनींनी मिसरीच्या डब्यापासून देव्हाऱ्यातल्या घंटेपर्यंत सगळं तपासलं. सगळं जागेवर होतं. आण्णांनी आपली जागा मात्र तपासली नाही. त्यांच्या जागेवरची वस्तू हलेल हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं.

पहाटे चारला गाडीवाल्यानं हॉर्न दिला. कोबी आणि फ्लॉवरच्या पोत्यांवर १५१ लाल खोकी चढली. गाडी कणकुंबीच्या रस्त्याला लागल्यावर आण्णा पाट आवरायला बसले आणि एकदम गप्प झाले. पाटाशेजारी कंपासपेटी नव्हती. मालात चाळीसएक कंपासपेट्या, त्यात ही एक. ओळीतल्या बाईनं ती खोक्यात भरली, दुसरीनं गुंडाळली, विहिणीनं आपटून ढिगात टाकली. आता तिच्यामागं पळून तरी काय उपयोग? १५१ खोकी एका मापाची, एका रंगाची, काठाला काठ. कशात काय आहे हे कुणालाच ओळखता येऊ नये, हा हट्ट आण्णांचाच होता आणि तो शंभर टक्के यशस्वी झाला होता.

मधले दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. आण्णांनी वैनींच्या स्वयंपाकघरातल्या कात्रीनं एक नग कापून बघितला आणि काम बंद ठेवलं. उरलेल्या कातरणाचं बोचकं पोरं मागायला आली. ३१ डिसेंबरला बेळगावात गल्लोगल्ली ओल्ड मॅनचा पुतळा करून जाळतात. ते लोण आपल्या पोरांपर्यंतही पोचलंय. एरवी आण्णांनी ते बोचकं पुढच्या वर्षासाठी जपलं असतं. या वेळी त्यांनी ते मुकाट्यानं दिलं. लाल, ठिपक्यांचा कोट घातलेला तो म्हातारा मध्यरात्री झकास जळला. कागद खरा असल्याचं यावरून सिद्ध होतं, एवढंच आण्णा म्हणाले.

नव्या वर्षात हॉटेलातला पोरगा सुट्टीवर आला. भांडी घासणाऱ्या बाईच्या लहान मुलीला त्या दिवशी खोक्यात कंपासपेटी निघाली, आणि पेटीत कंपासऐवजी भलीमोठी कात्री आणि लाखेचा एक जुना तुकडा. पोर रडली, मग मालकानं तिला दुसरी पेटी आणून दिली. कात्री बघून पोरग्यानं लगेच ओळखली. त्यानं ती जपून आणली होती. पण आणताना कशात आणावी? दोऱ्यांचे कान असलेल्या चकचकीत पिशवीत, वर गुलाबी कागदाचा बोळा खुपसून.

आण्णांनी पिशवी लांबूनच बघितली. कात्री मिळाल्याचा आनंद आणि ती कशातून आली याचा संताप, हे दोन्ही एकाच वेळी त्यांच्या चेहऱ्यावर आले, आणि त्यांत सरशी कुणाची होते हे आम्ही सगळे बघत राहिलो. शेवटी त्यांनी बोळा उपसून बाहेर फेकला, कात्री काढली, तिला तेल लावलं आणि पहिल्याच कापात त्या पिशवीचे चार चौकोन केले. त्या मुलीसाठी रंगपेटीचा एक नग मात्र त्याच रात्री बांधून त्यांनी पोरग्याबरोबर धाडला. त्याला पाऊण तास लागला आणि सांधा खाली होता.

हॉटेलच्या मालकाला दीडशे खोकी फार आवडली. पुढच्या वर्षी अडीचशे करायची आहेत, असा त्याचा निरोप आहे. आण्णांनी होकार कळवला आहे, आणि वैनींनी निपाणीला फोन करून विहिणीला आत्ताच बोलावून ठेवलं आहे.

आता संक्रांत तोंडावर आहे आणि आण्णांची बैठक पुन्हा सुरू झाली आहे. बेळगावहून चोर्ल्याकडं जाताना जांबोटीला थांबलात तर कुणालाही विचारा, घर दाखवतील. पैसे ते घेत नाहीत. टेप तुमची तुम्ही न्या, कागद मुठीत चुरगाळून बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि चेंडू असेल तर त्याला खोकं घेऊनच जा.